सेतुमाधव रावांचे सात सावकार

किस्सा आणि कर्ज, दोघांची एक खोड सारखीच. एकट्याला करमत नाही. एक घरात शिरलं की खिडकीतून दुसऱ्याला हाक मारतं! माझ्याकडे दोन्हींचा साठा आहे. फरक इतकाच की कर्जं सगळी दुसऱ्यांची, किस्से तेवढे माझे.

मद्रासमध्ये एग्मोर स्टेशनच्या मागे एक मोठी सरकारी कचेरी होती. तिथल्या नोकरांच्या सहकारी पतपेढीत मी वीस वर्षं काउंटरवर बसले. नवरा गेला तेव्हा मी तिशीची, शिक्षण चौथी. इंग्रजी मी फॉर्मांच्या पाठीवरच्या सूचना वाचून शिकले आणि तमिळ भांडून. दोन्ही भाषा अजून त्याच चालीवर बोलते. आवडलं तर ऐका, नाही तर तुमची मर्जी.

पेढीत एक लोन असायचं, कन्सॉलिडेशन लोन. माणसानं बाहेर सतरा ठिकाणी काढलेली कर्जं पेढीनं एकदम फेडायची आणि मग पेढीचा एकच हप्ता पगारातून कापायचा. बाहेर व्याज रुपयाला महिन्याला एक आणा, आमच्याकडे शेकडा सात, तेही वर्षाला. लोक म्हणत, “सात विहिरी बुजवायला आठवी खणायची, त्यात काय अक्कल?” मी सांगायची, “या आठवीला कठडा आहे बाबा!”

नियम मात्र कडक. पैसे कर्जदाराच्या हातात द्यायचे नाहीत. सावकारानं स्वतः यायचं, प्रॉमिसरी नोट, म्हणजे कर्जाचा सही केलेला कागद, टेबलावर ठेवायची, पैसे मोजून घ्यायचे, आणि नोट तिथंच फाडायची. आणि एक नियम सगळ्यांचा बाप: कर्जदारानं यादीतून एक जरी कर्ज लपवलं, तरी लोन रद्द. दिलेले पैसे एकदम वसूल, वर कचेरीला चिठ्ठी.

हे सगळे किस्से एकाच लोनचे आहेत.

* * *

सेतुमाधव राव आमच्या कचेरीत वरिष्ठ कारकून. तंजावरकडचे मराठी. आजोबा राजवाड्यात चाकरीला होते म्हणे, आणि ते दिवसातून एकदा तरी कळायचंच. कोटाची बाही विरलेली, पण बटणं सगळी लावलेली.

एका सावकारानं कोर्टातून त्यांच्या पगारावर जप्ती आणली. दुसऱ्यांदा! तेव्हा सरकारी नोकर कर्जबाजारी झाला की नोकरीच जायची. साहेबानं नोटीस दिली: एक महिन्यात सगळी देणी फेडल्याचा पेढीचा दाखला आणा, नाही तर घरी जा. आणि घर तरी कुठलं? क्वार्टर सरकारी. बायको, तीन लेकरं, म्हातारे वडील, सगळे रस्त्यावर.

राव माझ्यापुढे येऊन बसले. मी कागद सरकवला. “सगळी देणी लिहा. रकमेप्रमाणे, मोठं वर.”

त्यांनी चार नावं लिहिली.

“चारच?”

“चारच, बाई.”

“राव, पगाराच्या दिवशी तुम्ही एकदा मागच्या फाटकानं जाता, एकदा कॅन्टीनच्या बोळातून, एकदा सायकल-स्टँडमधून. चार माणसांसाठी कुणी एवढं चालत नाही!”

त्यांनी मान खाली घातली. आणखी तीन नावं आली. सात झाली. मी यादी पाहिली तर दोनशेवाला सगळ्यात वर आणि सहाशेवाला पाचवा.

“रकमेप्रमाणे लिहा म्हटलं होतं.”

“तसंच लिहिलों बाई.”

“नाही राव. तुम्ही भीतीप्रमाणे लिहिलंत!”

* * *

आता दोन जामीन हवेत. आठवडा गेला तरी एक मिळेना. एरवी रावांच्या डब्यातली पुरणपोळी खाणारे लोक मला बघून फायलीत डोकं घालायला लागले.

शेवटी अकाउंट्समधला कृष्णस्वामी हळूच काउंटरवर आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, “अम्मा, मी राहतो जामीन. पण रावांना माझं नाव कळता कामा नये.”

मला भरून आलं. म्हटलं, जगात अशी गुप्त दानत आहे तर!

“का हो, त्यांना संकोच होईल म्हणून?”

“संकोच? छे! माझ्याकडे जामीन राहण्याइतकी ऐपत आहे हे कळलं, तर उद्या उसने मागायला येतील!”

दुसरा जामीन नटेशन. तो आपणहून धावत आला, घाम पुसत. मी म्हटलं, “तुम्ही रावांचे इतके जवळचे मित्र आहात हे माहीत नव्हतं.”

“कसला मित्र? माझ्या लोनला जामीन कोण आहे ते बघा!”

मी लेजर उघडलं. सेतुमाधव राव! राव पडले की नटेशनचं लोन उघडं पडणार होतं.

नटेशननं सही अशी दाबून केली की ती खालच्या तीन पानांवर उमटली. मैत्रीच्या सह्या मी पुसट झालेल्या पाहिल्या आहेत. भीतीची सही पक्की असते.

* * *

लोन मंजूर झालं तोवर हातात बारा दिवस उरले होते. सावकार येऊ लागले. दोघे निमूट पैसे घेऊन गेले. जप्ती आणणारा त्यातलाच एक. तिसरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्याचा हिशोब पाहून राव पांढरे पडले. मंजूर रकमेत तो बसेना!

नुकतेच नवे पैसे सुरू झाले होते. आणे गेले, रुपयाचे शंभर पैसे झाले. जुना आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. या गृहस्थानं आण्याचे सात धरले होते, आणि दर महिन्याचं जास्तीचं व्याज मुद्दलात मिळवत आणलं होतं.

मी म्हटलं, “सव्वासहा धरा.”

तो हसला. “अम्मा, पाव पैशाचं नाणं कुठं असतं? दाखवा, लगेच धरतो.”

शेजारच्या टेबलावर वरदाचारी होते, आमचे सेक्रेटरी. बायलॉजचं, म्हणजे पेढीच्या नियमांचं, पुस्तक घेतल्याशिवाय ते जेवायलाही बसत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळवाल्याकडे.

मी म्हटलं, “पाव पैशाचं नाणं नाही. पण चार रुपयांवरचे चार आणे म्हणजे अख्खे पंचवीस पैसे. त्याचं नाणं आहे! तुम्ही अठ्ठावीस घेताय. बसा, पहिल्या महिन्यापासून काढू.”

तासभर काढलं. रक्कम मंजुरीच्या आत आली, वर तीन रुपये उरले. त्यानं नोट फाडली आणि जाता जाता विचारलं, “अम्मा, तुम्ही कितवी शिकलात?”

“चौथी. पाचवी झाली असती तर दंडही लावला असता!”

* * *

चौथ्याचं नाव यादीत वाचलं तेव्हाच मी चष्मा पुसला होता. मुनुस्वामी. आमच्या कचेरीतला शिपाई!

तो रावांना रोज फायली आणून देई, दाराशी उभा राहून “सार” म्हणे. आणि एक तारखेला कॅन्टीनच्या मागे राव त्याला “सार” म्हणत!

त्याला बोलावलं तर त्याचा चेहरा उतरला. सरकारी नोकरानं व्याजानं पैसे लावायचे नाहीत असा कायदा. काउंटरवर सही केली तर रावांच्या आधी त्याचीच नोकरी जायची.

“अम्मा, पैसे हवेत. पण मी घेतले असं नको.”

“मग नोट फाड आणि सोडून दे.”

“अय्यो!”

दोन दिवस तो आलाच नाही. राव माझ्या काउंटरभोवती फिरत राहिले. जेवणाचा डबा उघडलेला मी पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी मुनुस्वामीला तोड सुचली. नोटवर नावाची जागा कोरीच होती, तिथं बायकोचं घालायचं. पैसे तिचे, सही तिची. तिनं सरकारची चाकरी थोडीच केली होती!

बायको आली. जरीकाठाची साडी नेसून, केसांत फुलं माळून. पैसे दोनदा मोजले, सही केली, नोट फाडली, पदराला गाठ मारली. मुनुस्वामी फाटकाबाहेर तिची वाट बघत उभा होता. ती त्याच्या समोरून रिक्षात बसली आणि थेट सोनाराकडे गेली!

दुसऱ्या दिवशी मुनुस्वामी काउंटरवर. हात जोडून.

“अम्मा, मला एक छोटं लोन मिळेल का?”

* * *

पाचवा आणि सहावा सरळ निघाले, त्यांचे किस्से नाहीत. सरळ माणसांचे किस्से होत नाहीत, हे त्यांचं दुर्दैव.

सातवा छत्रीवाला. यायला शेवटचा, पण रावांच्या यादीत पहिल्या नंबरचा. हा एक तारखेला फाटकासमोर काळी छत्री मिटून उभा राही. बोलायचा नाही. आपला कर्जदार दिसला की छत्री उघडायचा. व्याज मिळेपर्यंत ती मिटत नसे. आणि सगळ्या कचेरीला कळे, आज कुणाची पाळी.

निरोप तीन वेळा गेला. तो येईना. कर्ज फिटायलाच नको होतं त्याला! त्यानं सांगून पाठवलं, “मुद्दल कोण मागतंय? व्याज चालू दे. दुभती गाय कोण विकतो?” आणि मग बातमी आली, छत्रीवाले साहेब तिरुपतीला गेले, सोमवारी येतील.

मुदत शनिवारी दुपारी एक वाजता संपत होती.

गुरुवारी राव माझ्यापुढे उभे राहिले. “बाई, आजोबा राजवाड्यात होते. मी रस्त्यावर मरणार.” पहिल्यांदाच आजोबांचं नाव त्यांनी हळू आवाजात घेतलं.

मी वरदाचारींना म्हटलं, “उद्या शुक्रवार आहे. संध्याकाळी दिवेलागणीला त्याच्या घरी जाऊ. तिरुपतीला गेलेला माणूस आज सकाळी ट्रिप्लिकेनच्या बाजारात वांगी घेत होता, मी स्वतः पाहिलाय.”

“बायलॉजमध्ये ‘काउंटरवर’ असं लिहिलंय, अम्मा.”

“लेजर जिथं उघडतं तिथं काउंटर! पुस्तक घ्या, पिशवी घ्या, चला.”

गेलो. छत्रीवाला ओट्यावरच बसलेला. आम्हांला बघून आत सटकणार, तोच मी मोठ्यानं म्हटलं, “पैसे घेऊन आलोय!” आतून त्याची आई आली. ऐंशीच्या पुढची, हातात समई.

तो म्हणाला, “आज नको. सोमवारी.”

म्हातारी उसळली. “शुक्रवारी, दिव्याच्या वेळेला, दारी आलेली लक्ष्मी परत पाठवतोस? माझ्या घरातून?”

मी शुक्रवार उगाच निवडला नव्हता. तिकडच्या घरांत शुक्रवारी आलेला पैसा कुणी परतवत नाही.

छत्रीवाल्यानं पैसे घेतले. मोजले. आणि माझ्याकडे बघून हसला.

“नोट सोमवारी देतो.”

“का?”

“शुक्रवारी दिवा लागल्यावर घरातली वस्तू बाहेर देत नाहीत, अम्मा. लक्ष्मी जाते. विचारा आईला!”

म्हातारीनं मान डोलावली. खरंच होतं. वरदाचारींनी घाबरून पिशवी छातीशी धरली. पैसे गेले, नोट त्याच्या पेटीत. सोमवारपर्यंत रावांची नोकरी राहत नव्हती. माझ्याच हुशारीचा फास माझ्याच गळ्यात! पायांखालची जमीन सरकली. असं मी म्हणत नाही सहसा, पण सरकली.

मग मी म्हटलं, “बरोबर आहे. बाहेर देऊच नका. इथंच फाडा.”

म्हातारी मग हसायला लागली. हसता हसता समई लेकाच्या पुढं धरली, म्हणाली, “सरी, बरं. फाड. उजेड दाखवते.”

फाडली! तुकडे मात्र म्हातारीनं नेऊ दिले नाहीत, शुक्रवार होता. वरदाचारींनी लेजरमध्ये लिहिलं, ‘फाडताना समक्ष पाहिले.’

* * *

शनिवार. साडेबारा. साती नोटा फाटल्या होत्या, दाखला टाईप होऊन वरदाचारींच्या टेबलावर. राव समोर खुर्चीत, बटणं सगळी लावून. वरदाचारींनी पेन उघडलं.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा.

“सगळ्यांचं फेडलं, आमचंच का नाही? गरिबाचा पैसा पैसा नाही का?”

कन्नम्मा. आमच्या फाटकाशी भाजीची टोपली घेऊन बसणारी. आवाज असा की टोपलीतली कोथिंबीर शहारावी. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि एक प्रॉमिसरी नोट टेबलावर आपटली. दोनशे रुपये. खाली सही सेतुमाधव राव. अस्सल.

वरदाचारींनी पेनला टोपण घातलं. “हे यादीत नाही.”

मी रावांना मराठीत विचारलं, “का लपवलंत?”

“बाई, भाजीवालीकडून काढले म्हणून कसं लिहू? मज लाज आली.”

सात सावकारांनी जे केलं नसतं ते त्या लाजेनं केलं होतं. लपवलेलं कर्ज. लोन रद्द. मी घड्याळाकडे पाहिलं, वीस मिनिटं.

मी नोट उचलली. पैसे देणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

“कन्नम्मा, इथं तुझं नाव का नाही?”

तिचा आवाज एकदम खाली आला. “पैसे माझे नाहीत, अम्मा. मी नुसती आणते-नेते. मालकीण बाहेर झाडाखाली उभी आहे.”

“बोलाव तिला.”

मालकीण आली. नऊवारी लुगडं, दोन्ही हात मोकळे, फक्त काचेच्या बांगड्या. रावांनी वर पाहिलं आणि खुर्चीतून उठले.

सोनाबाई. त्यांची बायको!

वरदाचारींना मराठी येत नव्हतं, कन्नम्मालाही नाही. त्यामुळे पुढचं बोलणं आम्हां तिघांतच राहिलं. आजवर राहिलं.

“पैसे कुठले तुझे?” राव म्हणाले.

“आईच्या पाटल्या मोडल्या.”

“आणि मज व्याजानं दिलीस? रुपयाला आणा? बायको असून?”

सोनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून बोलल्या. “यांना घरखर्चास द्या म्हटलं तर हातास कधी लागलं नाही. अस्कं, सगळं, त्या सावकारांस. कन्नम्मा रस्त्यात ओरडते ती भीती. व्याज म्हटलं तर तीन वर्षांत एक महिना चुकला नाही. त्यात लेकरांचं दूध, मामंजींचं औषध. बेस चाललं होतं.”

मी म्हटलं, “सोनाबाई, ऐका. वेळ नाही. ही जागा कोरी आहे. इथं कन्नम्माचं नाव घातलं तर हे लपवलेलं कर्ज, यांची नोकरी गेली. तुमचं घातलं तर नवरा-बायकोतला व्यवहार पेढी कर्ज मानत नाही. काही लपवलंच नाही असं होतं. नोकरी राहते. पण तुमचे दोनशे बुडाले, आणि ते महिन्याचं व्याजही.”

कन्नम्मा आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होती. राव म्हणाले, “सोना...” आणि थांबले. मागायची सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला मागता आलं नाही.

सोनाबाईंनी टाक उचलला आणि कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं. सावकाश, वळणदार मोडीत! वरदाचारींना वाचता येईना. मी वाचून दाखवलं, नातं सांगितलं. त्यांनी बायलॉजचं पान काढलं, ओठ हलवत वाचलं, आणि पेनचं टोपण काढलं.

सोनाबाईंनी नोटेचे चार तुकडे केले, टेबलावर ठेवले आणि कुणाचाही निरोप न घेता गेल्या. एक वाजायला सात मिनिटं होती.

पुढच्या एक तारखेला मी फाटकाशी कन्नम्माकडून शेवग्याच्या शेंगा घेत होते. राव आले. पेढीचा हप्ता कापून हातात आलेला पहिला पगार. टोपलीपुढं थांबले आणि साडेबारा रुपये मोजून तिच्यापुढं धरले.

कन्नम्मा म्हणाली, “सामी, कागद फाडला ना त्या दिवशी?”

“फाडला.”

“मग हे काय?”

रावांनी इकडेतिकडे पाहिलं. मी शेंगा मोडून बघत होते.

“नेऊन दे तिला. मी दिले म्हणू नको. व्याज आलं म्हण.”